पान आपोआप स्वच्छ करण्याची सोय

मुलांनो,

मागच्या महिन्यात थोरलीने एक चित्र पाठवलं. कुठल्याशा जुन्या संग्रहात तिला आमच्या लिनक्सच्या सीडीतली एक फाइल सापडली होती आणि त्या फाइलीतल्या बदलांच्या यादीत माझं नाव होतं. नावाखाली मीच इंग्रजीत लिहिलेली ओळ: स्कॅन झाल्यावर पान आपोआप स्वच्छ करण्याची सोय यापुढे सुरुवातीपासूनच चालू राहील. "आजी, तू पॅकेज मेंटेनर होतीस आणि आम्हाला कधी सांगितलंही नाहीस!" असं तिने लिहिलं होतं. ती ओळ ती कॉलेजात सगळ्यांना दाखवणार होती. धाकट्याने खाली टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

म्हणून आत्ता लिहिते आहे. दाखवायची असेल तर दाखवा, पण त्या ओळीने काय केलं ते आधी वाचा. तुमच्या बाबालाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही. फोनवर विचारलं तर मला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तेव्हा तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुमचा बाबा नोकरीसाठी परदेशी गेला होता. त्याचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत कापड पांघरून ठेवलेला होता. जाण्यापूर्वी तो त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून गेला होता आणि नागपूरच्या काही मंडळींचा पत्ता देऊन गेला होता. ही मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून शाळा आणि वाचनालयांसाठी लिनक्सची एक सीडी तयार करत. जुन्या, कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवर चालावी, फुकट वाटता यावी, असा त्यांचा हेतू. त्यांतले बँकेत काम करणारे एक गृहस्थ सगळ्यांचं एकत्र बांधून घेत. त्यांना प्रोग्रॅमांची इंग्रजी माहिती नीट लिहून देणारं कोणीतरी हवं होतं. मी लिहून देऊ लागले. वर्षभरात त्यांनी कागद स्कॅन करण्याचा प्रोग्रॅम माझ्याकडेच सोपवला, कारण तो कोणालाच नको होता.

थोरलीला पॅकेज म्हणजे काय ते माहीत आहे, धाकट्यासाठी सांगते. वसतिगृहात जाणाऱ्या मुलीची पेटी आपण कशी भरतो? मुलगी आपली नसली तरी पेटी आपण भरू शकतो. काय काय लागेल, कशाशिवाय काय अडेल, कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली यादी. प्रोग्रॅम लिहिणारे लोक दूर कुठेतरी असतात. पॅकेज करणारा त्यांचा प्रोग्रॅम घेतो, त्याला लागणाऱ्या इतर गोष्टी शोधतो, प्रत्येक फाइल तिच्या जागी बसवतो, परवान्याचा मजकूर जोडतो, आणि पहिल्यांदा उघडल्यावर प्रोग्रॅमने कसं वागावं ते ठरवतो. या शेवटच्या गोष्टीला डिफॉल्ट म्हणतात. कोणी काहीच सांगितलं नाही तर प्रोग्रॅम जे करील ते. आणि आमची सीडी वापरणारे बहुतेक लोक कधीच काही सांगत नसत.

मला हे काम फार आवडलं. शिकवण्यापेक्षाही आवडलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. सुरुवातीला आमचा प्रोग्रॅम स्कॅनर ओळखायचाच नाही, फक्त कॉम्प्युटरच्या मुख्य मालकाच्या नावाने शिरलं तरच ओळखायचा. साध्या माणसालाही तो दिसावा म्हणून एक चार ओळींची फाइल योग्य जागी ठेवावी लागते, हे शोधायला मला तीन आठवडे लागले. ती फाइल चालली त्या दिवशी मी एकटीच शिरा करून खाल्ला.

स्कॅनर माझ्याकडे नव्हता. तो होता स्टेशनच्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदार मुसलमान, वडलांपासूनचा धंदा रबरी शिक्के बनवण्याचा. हाताने अक्षरं उलटी कोरायचे, पुढे मशीन आली, मग झेरॉक्स आलं, लॅमिनेशन आलं. हिवाळ्यात वडशात नाटक कंपन्यांची धावपळ सुरू झाली की तिकिटांवर मारायचे शिक्के त्यांच्याकडेच होत. मी त्यांना भाऊ म्हणे. त्यांच्या दोन मुली माझ्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी कॉम्प्युटरवर आमची सीडी घालू दिली, पण टोमणे मारल्याशिवाय नाही.

"बाई, फुकटची चीज हाय. बिघडली तं कोनाच्या नावानं ओरडाचं?"

"माझ्या नावाने ओरडा. नाव आत लिहिलेलं आहे."

"मंग ठीक हाय. पत्ता मालूम हाय तुमचा."

त्या सुमाराला वनहक्काचा कायदा आला होता. पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या जमिनीवर धान पिकवणाऱ्यांना, ज्या कसण्याला आपल्याकडे जबरानजोत म्हणतात, आता हक्काचा पट्टा मिळणार होता. त्यासाठी जमीन आधीपासून आपण कसतो असा पुरावा लागणार होता. सकाळपासून दुकानात रांग असे. त्या रांगेत एक बाई आली. कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड, माझ्याच वयाची असावी. खांद्यावर बांबूचा एक पोंगा, म्हणजे एका बाजूने बंद असलेला हातभर लांबीचा नळा. वरच्या तोंडाला कापडाचा बोळा. आत टोल्यावरच्या सगळ्या घरांचे कागद गुंडाळून ठेवलेले.

भाऊंनी एक कागद मशीनवर ठेवला. झेरॉक्स निघाली ती कोळशासारखी काळी. दुसरा ठेवला, तोही तसाच.

"हे का वो, चुलीत शेकून आनले का?" भाऊ म्हणाले.

"चुलीवरच रायते ना तो पोंगा," ती म्हणाली. "आड्याले टांगून. माया बापानं टांगला. धूर लागते म्हून तं उधई नाई लागत."

वाळवी लागली नव्हती खरी, पण कागद तंबाखूच्या पानासारखे तपकिरी झाले होते. तिचे स्वतःचे तीन होते. त्यांतला महत्त्वाचा म्हणजे तिच्या वडलांच्या काळातला एक पंचनामा: अमुक माणूस अमुक नाल्याच्या काठी जंगलाच्या जागेत धानाच्या तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, करून आहे. वडलांना तिथून हुसकावण्यासाठी वनखात्याने केलेला तो कागद, आणि आता तोच त्यांची मुलगी तिथली आहे हे सांगणारा एकमेव कागद. खाली चार पंचांचे अंगठे आणि तारखेचा गोल शिक्का.

"पट्टा भेटन का, बाई?" तिने मला विचारलं. मी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसले होते, म्हणून तिला मी सरकारी वाटले असेन.

"कागद नीट दिसले तर का नाही मिळणार?" मी म्हणाले.

झेरॉक्स हरलं तिथे आमचा प्रोग्रॅम जिंकेल याची मला खात्री होती. पहिलं पान स्कॅन केलं. रंगीत निघालं, पण तपकिरी, ढगाळ. फाइल एवढी मोठी झाली की भाऊंचा कॉम्प्युटर दोन मिनिटं गप्प बसला. प्रोग्रॅमात स्वच्छ करण्याची सोय होती. ती चालू केली की मागचा रंग जाऊन पान पांढरं होई, शाई काळी होई, बारीक ठिपके, डाग पुसले जात, आणि फाइल होई अगदी इवलीशी. ती चालू केली. पडद्यावर पंचनामा उघडला तो जणू काल लिहिलेला. मोडी वळणाची, घाईची अक्षरं, पण एकूण एक काळी कुळकुळीत.

"बाई, तुमी तं कागदाले आंघोळच घातली," भाऊ म्हणाले. मग जरा वाकून म्हणाले, "थोडी मैल राहू द्या ना. जुना कागद जुना दिसाले पायजे."

"जुना दिसावा म्हणून स्कॅन करत नाही आपण, भाऊ. वाचता यावा म्हणून करतो."

ते पुढचा कागद सरळ करू लागले. शाळेतल्या बाईंशी वाद घालायची त्यांची पिढी नव्हती.

त्या आठवड्यात मी नागपूरला पत्र पाठवलं, की ही सोय डिफॉल्ट करावी. आपल्या भागातले कागद धुराचे, ओलीचे, डागांचे, आणि आपले कॉम्प्युटर छोटे. बँकेतल्या गृहस्थांनी दोन ओळींत हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, एकदा पुसलं ते परत आणता येत नाही, म्हणून पुसायचं की नाही हे समोरच्या माणसाने ठरवावं, पेटी भरणाऱ्याने नव्हे. मी त्यांना इंग्रजीत दीड पानाचं उत्तर लिहिलं. मुलांनो, ते उत्तर फार चांगलं लिहिलेलं होतं. मुद्दे क्रमाने, उदाहरणं नेमकी, शेवटी थोडी चतुराई. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढं सफाईदार नव्हतं. त्यांनी लिहिलं, "ठीक आहे, तुमचं पॅकेज आहे." थोरलीने पाहिलेली ओळ त्या दिवशी लिहिली गेली. आणखी एक बदल त्याच दिवशी केला. स्वच्छ पान तयार झालं की मूळचं कच्चं चित्र प्रोग्रॅमने आपोआप काढून टाकावं, म्हणजे डिस्क भरणार नाही. तो थोरलीला दिसला नसावा, कारण मी तो यादीत वेगळा नोंदवायच्या लायकीचाही समजले नव्हते.

नवं पॅकेज भाऊंच्या कॉम्प्युटरवर घातलं, ती बाई पुन्हा आली, आणि टोल्याची सदतीस पानं, पंचनामा पुन्हा धरून, दोन दिवसांत स्कॅन झाली. ती बाकावर बसून होती. प्रत्येक पान मी पडद्यावर आणलं, मूळ कागद हातात धरला आणि शब्द न् शब्द ताडून पाहिला. आयुष्यभर मी हेच केलेलं. गट क्रमांक बरोबर, नाल्याचं नाव बरोबर, कानामात्रा बरोबर. सगळी पानं सीडीवर घातली. एक सीडी तिला, एक मला.

आणि जाताना तिचे कागद मी पोंग्यात परत जाऊ दिले नाहीत. भाऊंच्या दुकानातून बटण लागणारी एक प्लॅस्टिकची फाइल घेतली, कागद सपाट करून तीत ठेवले, वर घरागणिक यादी लावली.

"याले धूर कसा लागन?" तिने विचारलं.

"लागूच नये म्हणून तर दिली. बघा, धुराने कागदाचं काय केलं ते."

"मले तं बापानं टांगून ठेवाले सांगतलं हाय, बाई."

"तुमच्या वडलांना अशी फाइल मिळाली असती तर त्यांनीही हेच केलं असतं."

ती हसली. पोंगा रिकामा झाला तरी तिने तो सोबत नेला. त्यात भोपळ्याचं बी ठेवीन म्हणाली.

पावसाळा गेला. टोल्याच्या ग्रामसभेने दावे मंजूर करून पुढे पाठवले आणि वरच्या समितीने मूळ पुरावे तपासायला बोलावलं. ज्या दिवशी जायचं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाई दुकानात आली. भाऊंनी मला निरोप पाठवला. मी गेले तेव्हा प्लॅस्टिकची फाइल काउंटरवर होती. तिने ती घरात मातीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, बटण नीट लावून. खालच्या कोपऱ्यातून उधई, म्हणजे वाळवी, शिरली होती. आत ओली माती होती आणि मातीत कागदाच्या कडांचे काही तुकडे. माझी यादी वरच्या कप्प्यात होती, तिला काही झालं नव्हतं.

ती रडत नव्हती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाकडं हाय ना, बाई? मशीनमंदी?"

"आहे," मी म्हणाले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. थोडा अभिमानही वाटला. याचसाठी तर सगळं केलं होतं.

सीडी लावली. पंचनामा छापला. भाऊंनी कागद प्रिंटरमधून उचलला, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, शिक्का कुठी हाय?"

मी कागद घेतला. मजकूर संपल्यावर खाली पांढरं होतं. 'निशाणी अंगठा' असं चार वेळा लिहिलेलं होतं आणि चारही ठिकाणी शेजारी काही नव्हतं. गोल शिक्क्याच्या जागी काहीच नव्हतं.

"जांभळी शाई व्हती ती," भाऊ म्हणाले. "पॅडाची. ते तीस-चाळीस वर्सात गुलाबी होते, मंग कागदाच्याच रंगाची होते. डोळ्याले दिसते, मशीनले नाई दिसत." मग हळूच म्हणाले, "मले वाटलं तुमी पायलं असन."

मी पाहिलं नव्हतं. सदतीस पानं दोनदा वाचली होती, पण वाचलीच होती. त्या टोल्यावर त्या काळी कोणाला सही येत नव्हती. त्या माणसांनी कागदावर जे काही स्वतःच्या हाताने ठेवलं होतं ते अंगठेच होते, आणि इंग्रजी-मराठीचे एवढे पेपर तपासलेली मी, मला तपासायची गोष्ट म्हणून ते दिसलेच नाहीत. प्रोग्रॅमनेही त्यांना डागांत धरलं. तो माझ्या सांगण्यावरून चालत होता.

भाऊंचा कॉम्प्युटर आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत धुंडाळला. कच्ची चित्रं कुठेच नव्हती, आणि पहिल्या दिवशीचं ते रंगीत पानही मी जतन केलं नव्हतं. नागपूरला फोन केला. बँकेतल्या गृहस्थांनी पुसलेल्या फाइली परत मिळवायचे दोन उपाय सांगितले. त्या डिस्कवर मधल्या सहा महिन्यांत एवढं काही लिहून झालं होतं की दोन्ही फुकट गेले. त्यांनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सोय बंद केलेलं नवं पॅकेज तयार केलं. एकच शब्द बदलायचा होता. त्या बदलाखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं, माझं नाही.

ती बाई सगळा वेळ बाकावर बसून होती. निघताना भाऊ तिला म्हणाले, "मले सांगा, तसा शिक्का मी उद्या बनवून देतो. कोनाच्या बापाले नाई समजनार." ते थट्टेने म्हणाले नव्हते. शिक्का बनवणाऱ्याने आयुष्यात कधी करू नये ती गोष्ट ते करायला तयार झाले होते.

"नोको, भाऊ," ती म्हणाली. "माया बापाले खोटं पाडू नोको."

मी तिच्यासोबत समितीपुढे गेले. छापलेला पंचनामा पुढे केला आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, माझी चूक सुद्धा. समोरचे लोक उद्धट नव्हते. एकाने कागद उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हा मजकूर तर आज सकाळी कोणीही हाताने लिहून स्कॅन करू शकतो, नाही का?" चार पंचांपैकी एकही जिवंत नव्हता. टोल्यावरच्या एका म्हाताऱ्याने तिच्या बाजूने जबाब दिला, पण त्याचा स्वतःचा दावाही त्याच सीडीत होता. काही घरांकडे इतर पुरावे निघाले, त्यांचं काम झालं. तिचा दावा 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून परत आला. मी अपील लिहिलं. तेही चांगलं लिहिलेलं होतं. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

त्यानंतर ती वडशाला आली तरी दुकानात येत नसे. एकदा बाजारात भेटली. मी विचारलं, "बाई, पेरलं का यंदा?"

"पेरलं ना. पोट ऐकते का?" ती म्हणाली आणि मग माझ्या हातातली पिशवी पाहून, "तुमी काऊन वायल्या, बाई? जेवून राह्यल्या का नाई?" माझ्या वाळण्याची चौकशी तिने करावी हे मला सहन झालं नाही. मी काहीतरी बोलून तिथून निघाले. तेव्हा तिची माफी मागायची होती. मागितली नाही. मला वाटलं, माफी मागितली तर ती 'असू द्या' म्हणेल आणि ते ऐकायचा मला हक्क नाही. आज वाटतं, हाही माझा व्यवस्थितपणाच होता.

दोन वर्षांनी त्या तीन बांध्यांत वनखात्याचे खड्डे खणले गेले आणि सागाची रोपं लावली गेली. मला हे भाऊंकडून कळलं. ती मग मजुरीला लेकीच्या गावी गेली, आणि तिथेच वारली असंही त्यांच्याकडूनच कळलं. भाऊंनी सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, झेरॉक्सचे कागद सारखे करत राहिले.

मी त्या पॅकेजचं काम सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. चार महिने कोणी ते घेतलं नाही, मग ते सीडीतून गळलं, आणि पुढे ती सीडी काढणारी मंडळीही थकली. लोक मला अजून सांगतात की तुम्ही चांगल्या हेतूने केलं. हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. माझ्या शाळेतल्या मुलींनी उत्तर चुकवलं आणि हेतू चांगला होता म्हटलं, तर मी गुण देत नसे.

तुम्ही विचाराल, मग उरलं काय. माझी सीडी कपाटात आहे. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. सदतीसच्या सदतीस पानं उघडतात. मजकूर सगळा वाचता येतो.